पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद

प्रश्न थोडक्यात असा आहे: पृथ्वी मंदावतेय म्हणून घड्याळात मधूनमधून एक सेकंद वाढवतात असं वाचलं, मग २०१६ नंतर एकदाही का वाढवला नाही, पृथ्वी सुधारली का? आणि आमच्या कंपनीत चाळीसेक लिनक्स सर्व्हर आहेत, २०३५ ला हा प्रकार बंद होणार म्हणतात, तर तोपर्यंत काही करायचं का गप्प बसायचं?

मी पुण्यात गेली वीसेक वर्षं सर्व्हरच्या घड्याळांचंच काम करतोय, एनटीपी आणि पीटीपी (नेटवर्कवरून मशिनची घड्याळं जुळवायच्या दोन पद्धती, दुसरी जास्त काटेकोर), जीपीएस रिसीव्हर, सगळं. घरी अजून कोणाला नीट कळलेलं नाही की हा माणूस नक्की करतो काय, कारण मोबाइलचं घड्याळ तर आपोआप लागतं. असो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढू, तो सगळ्यांचाच असतो, माझाही होता. असा जास्तीचा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घातला म्हणजे पृथ्वी त्या वर्षी एक सेकंदाने मंदावली असं नसतं. समजा घरात आजोबांचं चावीचं घड्याळ आहे आणि ते रोज दोन सेकंद मागे पडतं, तर महिन्याभरात ते एक मिनिट मागे गेलेलं असेल. ते रोज जास्त जास्त बिघडत नाहीये, खोट तेवढीच आहे, दोन सेकंदांची, पण उधारी साठत जाते. पृथ्वीचं तेच. दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा फक्त दोन मिलिसेकंद लांब असेल तरी ५०० दिवसांत पूर्ण एक सेकंद साठतो आणि तो कधीतरी चुकता करावाच लागतो. १९७० च्या दशकात दिवस साधारण तीन मिलिसेकंद लांब होता म्हणून जवळजवळ दरवर्षी सेकंद घालावा लागला, १९७२ ला तर दोनदा. तेव्हापासून २०१६ पर्यंत एकूण २७ झाले.

आता ८६,४०० सेकंद म्हणजे कुठले सेकंद हे विचारायला पाहिजे. १९५५ ला इंग्लंडमध्ये टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमचं पहिलं कामाचं अणुघड्याळ चालवलं, आणि १९६७ ला सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या ९,१९२,६३१,७७० कंपनांवर बांधली. हा आकडा काही आभाळातून पडला नाही, त्याआधी खगोलशास्त्रज्ञ जो सेकंद वापरायचे त्याच्याशी तो जुळवून घेतला होता, आणि तो जुना सेकंद आला होता अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या सूर्याच्या निरीक्षणांवरून, ज्यांचा मध्य येतो १८२० च्या आसपास. म्हणजे पेशवाई बुडून दोन वर्षं झालेली, तेव्हाच्या दिवसाच्या मापाने आपला अणुसेकंद बेतलाय. शिंप्याने आजोबांचं माप घेऊन नातवाचा सदरा शिवावा तसं आहे हे, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच सदरा थोडा आखूड.

पृथ्वी मंदावते कशामुळे, तर मुख्य कारण भरती-ओहोटी. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ती चंद्राच्या फेरीपेक्षा खूप जोरात, त्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या बरोबर खाली न राहता थोडा पुढे ओढला जातो, उथळ समुद्रात पाणी तळाशी घासतं, आणि हा सततचा हलका ब्रेक लागून राहतो. पृथ्वीची जी फिरकी कमी होते ती चंद्राच्या खात्यात जमा होते आणि तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो, हे अपोलोच्या लोकांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून मोजलेलं आहे. नुसत्या भरतीच्या हिशोबाने दिवस शतकाला २.३ मिलिसेकंद वाढायला हवा, पण प्रत्यक्षात १.८ च्या आसपासच वाढतो, कारण हिमयुगाच्या बर्फाखाली दबलेली ध्रुवाकडची जमीन अजून हळूहळू वर येतेय, पृथ्वी किंचित गोल होतेय, आणि त्याने वेग थोडा वाढतो.

हे १.८ कशावरून, तर जुन्या ग्रहणांवरून, आणि हा मला या सगळ्या विषयातला सर्वात भारी भाग वाटतो. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये, १५ एप्रिलला बॅबिलॉनला खग्रास सूर्यग्रहण दिसलं, तिथल्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर नोंदवून ठेवलं. आज पृथ्वी कायम एकाच वेगाने फिरली असं धरून उलटं गणित केलं तर ती सावली बॅबिलॉनवरून जातच नाही, चार हजार किलोमीटरहून जास्त पश्चिमेला जाते. म्हणजे सव्वातीन तासांचा फरक. आणि तेव्हाचा दिवस आजच्यापेक्षा लहान होता किती, तर तीन-चार शतांश सेकंद. एवढ्याशा खोटीची उधारी दोन हजार वर्षांत सव्वातीन तास झाली, ते आजोबांचं घड्याळ हेच.

बरं, मग २०१६ नंतर का नाही? कारण तो शतकाला १.८ चा आकडा सरासरी आहे, आणि सरासरीभोवती पृथ्वी भरपूर डुलते. वारे, समुद्रप्रवाह यांनी ऋतूप्रमाणे दिवस मिलिसेकंदाच्या अंशाने कमीजास्त होतो, आणि पोटातला वितळलेला लोखंडाचा गाभा वरच्या कवचाशी फिरकीची देवाणघेवाण करतो त्याने दशकादशकांचे चढउतार येतात. गेली काही दशकं गाभा मंदावतोय आणि कवच, म्हणजे ज्याच्यावर आपण आणि आपले सर्व्हर बसलोय ते, जोरात फिरतंय. २९ जून २०२२ चा दिवस ८६,४०० पेक्षा १.५९ मिलिसेकंद लहान भरला, ५ जुलै २०२४ चा १.६६ ने लहान. तर हो, तात्पुरती सुधारली म्हणा. पण भरतीचा ब्रेक सुटलेला नाही, तो चालूच आहे.

हे सगळं मोजतं कोण, तर लांब लांबच्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी क्वेसारकडे, म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगांच्या तेजस्वी केंद्रांकडे, बघतात, हवाईतली कोकी पार्क आणि जर्मनीतली वेटझेल ही जोडी तर त्यासाठी कायम राबते, आणि क्वेसार हलत नाही म्हणजे जे काय सरकलं ती पृथ्वी. त्यावरून जी पृथ्वीची वेळ निघते तिला यूटी१ म्हणतात. आपली घड्याळं चालतात यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेवर, जिचा सेकंद अणूचा आहे. नियम असा की या दोघींत ०.९ सेकंदापेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, पडायला लागलं की पॅरिसच्या वेधशाळेतून सहाएक महिने आधी बुलेटिन सी निघतं की जूनअखेर किंवा डिसेंबरअखेर एक सेकंद घाला. विषुववृत्तावर जमीन सेकंदाला ४६५ मीटर सरकते, म्हणून दुर्बीण रोखणाऱ्याला किंवा उपग्रह सांभाळणाऱ्याला हे अंतर माहीत असावंच लागतं. तुम्हाआम्हाला नाही.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. लीप सेकंद यूटीसीच्या मध्यरात्री पडतो, २३:५९:५९ नंतर २३:५९:६० आणि मग ००:००:००. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजत असतात, म्हणून आपल्याकडे घड्याळात ५:२९:६० दिसायला हवं. १ जुलै २०१२, रविवार, आदल्या दिवशी आषाढी एकादशी झालेली, घरात सगळे उपासाने दमून झोपलेले, आणि पावणेसहाला माझा फोन वाजायला लागला. एका क्लायंटच्या जावावर चालणाऱ्या सगळ्या मशिनचा सीपीयू शंभर टक्के. मी आधी अटॅक समजलो, मग डेटाबेस, मग जावाची प्रोसेस रीस्टार्ट केली तर पुन्हा तेच, आणि ज्या मशिनवर जावा नव्हतं ती गपगार शांत. तासभर अंधारात चाचपडत होतो. सात वाजता बाहेरच्या देशातल्या लोकांचे मेसेज दिसायला लागले की सगळीकडेच हे चाललंय, रेडिट पडलंय, क्वांटास विमान कंपनीची चेक-इन सिस्टिम अडकलीय, आणि कोणीतरी उपाय सांगितला तो वाचून मला वाटलं थट्टा करतोय: डेट कमांडने आत्ताची वेळ विचारा आणि तीच वेळ परत सेट करा. केलं. सीपीयू चार टक्क्यांवर. एका सेकंदात.

झालं होतं असं की लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रामने, घड्याळ एक सेकंद मागे घेतलं, पण कर्नलमध्येच जो टायमरचा वेगळा विभाग आहे त्याला ही बातमी कळवलीच नाही. मग टायमरच्या मते घड्याळ एक सेकंद पुढे. एखाद्या थ्रेडने (प्रोग्रामच्या एका चालू धाग्याने) म्हणावं मला अर्ध्या सेकंदाने उठव, टायमर म्हणणार अरे ती वेळ तर कधीच होऊन गेली, ऊठ. तो उठतो, बघतो काही काम नाही, पुन्हा म्हणतो अर्ध्या सेकंदाने उठव, पुन्हा लगेच ऊठ, असं सेकंदाला हजारो वेळा. वेळ हाताने सेट केली की कर्नल सगळ्यांना कळवतं की घड्याळ बदललं, आणि टायमर ताळ्यावर येतो. बग पुढे दुरुस्त झाला, पण जो कोड अडीच-तीन वर्षांतून एकदा एक सेकंद चालतो तो कोणी किती टेस्ट करणार?

मूळ दुखणं मात्र त्या बगपेक्षा जुनं आहे. आपल्या पंचांगात अधिक महिना येतो, त्याला नाव आहे, जागा आहे, जावयाला अनारसे आणि धोंडे द्यायची रीत आहे, पुढचा निज महिना वेगळा ओळखता येतो. (गंमत म्हणजे त्याच २०१२ ला भाद्रपद अधिक होता, आणि १ जुलै २०१५ चा लीप सेकंद तर चक्क अधिक आषाढात पडला.) युनिक्सच्या वेळेत, जी लिनक्सही वापरतं, तशी सोयच केलेली नाही. तिथे दिवस म्हणजे ८६,४०० सेकंद, विषय संपला. त्यामुळे ६१ वा सेकंद आला की एकच आकडा दोनदा मोजायचा, दोन वेगवेगळे क्षण आणि दोघांच्या दाखल्यावर एकच जन्मवेळ. दोन क्षणांतलं अंतर काढलं तर शून्य येऊ शकतं, उणेही येऊ शकतं. १ जानेवारी २०१७ ला क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसमध्ये हेच झालं, कोड लिहिणाऱ्याने धरलं होतं की वेळ कधी मागे जात नाही, वजाबाकी उणे आली आणि काही सर्व्हरवर प्रोग्राम कोसळला. त्यानंतर तो कोड ज्या गो नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत होता त्या भाषेतच फरक मोजायला न मागे जाणारं घड्याळ आलं.

यावर गूगलने काढलेली युक्ती म्हणजे स्मिअर. सेकंद एकदम न घालता चोवीस तासांवर लोण्यासारखा पसरायचा, यूटीसीच्या दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच ते साडेपाच, तेवढा वेळ प्रत्येक सेकंद ११.६ मायक्रोसेकंदांनी लांब. कोणालाच कळत नाही. लोक याला फार नवीन समजतात पण १९६० ते १९७१ जगाची अधिकृत वेळच अशी होती, सेकंद थोडा ताणून पृथ्वीशी जुळवायचे आणि वर बारीक बारीक उड्या मारायचे, आणि त्या ताणलेल्या सेकंदाला कंटाळूनच १९७२ ला लीप सेकंद आणला. पन्नास वर्षांत फिरून भोपळे चौकात.

स्मिअर मला आवडतो, पण त्याने एक नवीन खड्डा तयार झाला आणि त्यात मी स्वतः पडलोय. २०१६ च्या डिसेंबरात एका ठिकाणी कोणीतरी कॉन्फिगमध्ये दोन सोर्स (ज्यांच्याकडून मशिन वेळ घेतं ते सर्व्हर) स्मिअरवाले आणि दोन खऱ्या यूटीसीवाले टाकून ठेवले होते, आणि तपासायचं काम माझं होतं, मी वरवर बघितलं, चार सोर्स आहेत ना, छान. ३१ तारखेच्या रात्रभर दोन्ही टोळ्यांतलं अंतर वाढत गेलं, पहाटे साडेपाचला पुरतं अर्धा सेकंद. एनटीपी अशा वेळी बहुमत बघतं, दोन विरुद्ध दोन म्हटल्यावर काही मशिन इकडे काही तिकडे, आणि सकाळी लॉग बघावेत तर पेमेंट झाल्याची नोंद पेमेंट मागितल्याच्या आधी. ऑडिटवाल्यांना हे समजावता समजावता नवीन वर्षाचा पहिला आठवडा गेला.

हे आजही होऊ शकतं, उलट आपल्याकडे जास्तच. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती केंद्र) किंवा दिल्लीच्या एनपीएलच्या (आपली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायची आहेत, तर लोक काय करतात, क्लाउडचा आतला टाइम सर्व्हर आधीपासून असतो तो तसाच ठेवतात आणि खाली एनपीएलची ओळ चिकटवतात. क्लाउडवाले बरेच जण स्मिअर करतात. लीप सेकंद नाही तोवर दोन्ही सारखेच चालतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या चाळीस सर्व्हरवर पहिलं काम हेच करा, प्रत्येकावर सोर्सची यादी काढा आणि सगळे एकाच जातीचे आहेत का बघा. स्मिअर तर सगळे स्मिअर, नाहीतर एकही नको.

आता उलटी भीती. पृथ्वी अशीच जोरात राहिली तर यूटीसीच मागे पडेल आणि एक सेकंद गाळावा लागेल, ५:२९:५८ नंतर थेट ५:३०:००. पंचांगात क्षयतिथी असते तसं. नियमात याची तरतूद १९७२ पासून आहे, एनटीपीच्या पॅकेटमध्ये त्याच्यासाठी वेगळा संकेतही आहे, पण आजवर एकदाही वापरलेला नाही. सेकंद घालायची प्रॅक्टिस २७ वेळा करून जे फाटलं ते वर सांगितलंच, गाळायची प्रॅक्टिस शून्य. २०२४ ला भूभौतिकशास्त्रज्ञ डंकन अॅग्न्यू यांनी नेचरमध्ये हिशोब मांडला की ध्रुवांवरचा बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरतंय, फिरणारा माणूस हात पसरतो आणि मंदावतो तसं, त्यामुळे ही वेळ २०२६ ऐवजी २०२९ च्या आसपास येईल. अंदाज आहे, गाभा काय करेल ते कोणाच्या हातात नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर गाळायची वेळ येऊ नये म्हणून संबंधित लोक जिवाचं रान करतील.

त्यातूनच २०३५ आलं. नोव्हेंबर २०२२ ला व्हर्सायला वजनमापांच्या जागतिक परिषदेत ठराव झाला की २०३५ पर्यंत ती ०.९ सेकंदाची मर्यादा वाढवायची, इतकी की निदान शंभर वर्षं यूटीसीला हात लावायला नको. रशियाला घाई नको होती, कारण त्यांची ग्लोनास, म्हणजे त्यांचं जीपीएस, यूटीसीवर चालते, लीप सेकंदासकट. जीपीएस आणि आपली तशीच भारतीय उपग्रह यंत्रणा नाविक सलग चालतात, सेकंद घालत नाहीत, म्हणून जीपीएसची वेळ आज यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. मर्यादा वाढवली तरी उधारी साठायची ती साठणारच, फक्त वसुली नातवंडांच्या नातवंडांवर ढकलली. मला त्यात काही वाईट वाटत नाही. सूर्याशी नातं तुटेल म्हणणाऱ्यांना मी मुंबईचं उदाहरण देतो, तिथे सूर्य सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी माथ्यावर येतो, कारण आपण साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची वेळ लावतो. १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने मानायला नकार दिला आणि १९५५ पर्यंत स्वतःची बॉम्बे टाइम चालवली, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. आज त्या ३९ मिनिटांची कोणाला आठवण तरी येते का? तिथे शंभर वर्षांत एखादं मिनिट.

तर २०३५ पर्यंत गप्प बसायचं का? जवळजवळ. सोर्सची यादी सांगितली. दुसरं, तुमच्या डेव्हलपरना सांगा की किती वेळ लागला हे मोजायला भिंतीवरचं घड्याळ, म्हणजे मशिनची तारीख-वेळ, वापरायचं नाही, मोनोटॉनिक घड्याळ, म्हणजे वर सांगितलेलं न मागे जाणारं, वापरायचं, टाइमआउट, लॉक, कॅशची मुदत सगळ्याला. याचा फायदा लीप सेकंद आला नाही तरी होतो, कारण व्हर्च्युअल मशिन हलवताना किंवा कोणी हाताने वेळ बदलली तरी हेच फाटतं. तिसरं, लीप सेकंदांच्या यादीची जी फाइल सिस्टिमवर असते तिला एक्सपायरी असते, ती दर सहा महिन्यांनी नवीन निघते मग त्यात नवीन सेकंद असो नसो. मी अशा मशिन बघितल्यात जिथे ती फाइल २०१५ ची आहे आणि लॉगमध्ये रोज वॉर्निंग येतेय, रोज कोणीतरी ती दुर्लक्षित करतंय. पॅकेज अपडेट केलं की सुटतं.

आणि ट्रेडिंग किंवा टेलिकॉमसारखं काही असेल आणि पीटीपी वापरत असाल तर एक जास्तीची गोष्ट. पीटीपी यूटीसी पाठवत नाही, टीएआय पाठवतं, म्हणजे शुद्ध अणुवेळ, जी यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे, आणि सोबत सांगतं की ३७ वजा करा. मुख्य घड्याळ रीस्टार्ट झालं आणि त्याला अजून जीपीएस नीट दिसत नसेल तर तो ३७ चा आकडा वैध नाही असा झेंडा लावून पाठवतं. काही क्लायंट तो झेंडा बघून थांबतात, काही न बघता शून्य धरतात आणि अख्खी मशिन ३७ सेकंद पुढे उडी मारते. तेव्हा कुठेही बरोब्बर ३७ सेकंदांचा फरक दिसला तर नेटवर्कवाल्यांशी भांडू नका, आधी छतावरची अँटेना बघा. आमच्याकडे एकदा केबल उंदराने कुरतडली होती.